पुठ्ठ्याची खोकी

गुरुवारपासून सगळं पलंगावर मांडून ठेवलंय.
मांजर लोकरीच्या मोज्यांवर झोपतं, मी उठवत नाही,
मोजे न्यायचेत की नाही तेच अजून ठरलेलं नाही.

आधी दोन दिवस भीमगड. मग दांडेली,
साडेपाचची जीप, कुडकुडत.
भाचा ऋत्विज म्हणतो, आत्या, डोंगरावर भडक घाल,
धुक्यात पाय चुकला तर लांबून दिसशील.
मालुताई चौगुले फोनवर दटावतात :
जंगलात मातकट. अत्तर नको, गजरा नको,
बिस्किटाचा पुडा तर मुळीच नको,
त्याच्या चुरचुरीनं बिबट्या दांडेली सोडून हल्ल्याळला जातो म्हणे.
लाल विंडचीटर उचलते, खाली ठेवते.
खाकी शर्ट उचलते. तो बापूंचा, खांद्यात मोठा.

ऋत्विजनं दुकानातला तराजू घरी आणलाय.
कंगव्याचा अर्धा भाग मोडला, साबणाची वडी चिरली,
टॉर्च, दुर्बीण, गोचिडांसाठी कडुनिंबाचं तेल,
सगळ्याचे ग्रॅम वहीत लिहितो.
"कुंदा पावशेरच घे, आत्या."
मी अर्धा किलो घेतलाय. त्याला सांगितलेलं नाही.

खडेबाजारात एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या प्रवासाच्या गोळ्या मी पुडीत बांधल्या :
ही घाटाच्या आधी, ही जेवल्यावर, ही अगदीच वाटलं तर.
लोक गेले, आले, फोटो दाखवून गेले.
मी त्यांना उरलेल्या गोळ्यांचे पैसे परत दिले.

परवान्याचा अर्ज कानडीत आहे.
भिंग लावून, सावकाश, एकेक अक्षर वळवते : बाळेकुंद्री.
आपला ळ त्यांच्याकडेही आहे.
वयाच्या रकान्यात मात्र थोडी खाडाखोड झाली.

रात्री साडेआठला फोंडू गावडाचा फोन.
केळबावात एकाच दगडावर रेंज येते,
तो दगडावर उभा राहून ओरडतो, मी इकडे खाटेवर ओरडते.
"बाई, लाल की खाकी काय ते दोन्ही आणा.
वर चढताना मला दिसा,
खाली जनावराला दिसू नका. झालं."
एवढं सोपं होतं.

मग वारा. मग म्हणाला,
"आणि रिकामी पोती असली तर घेऊन येवा.
आमचंबी बांधणं चाललंय."
कुठं रे?
"गाव हलवतात ना. चौदा घरं. पैसे जमा झाले खात्यात.
खानापुराकडं जागा बघितलीय, रस्त्याला लागून,
दवाखाना जवळ, पोरांना बरं.
भांडी झाली, कौलं मोजून झाली.
उंबऱ्याचं काय करू समजंना.
फणसाचा आहे. आज्यानं बसवलेला.
काढला तर चिरेल, ठेवला तर
अस्वल येऊन बसंल त्याच्यावर."
तो हसला. मीही हसले, जरा उशिरा.
मग रेंज गेली.

ऋत्विज विचारतो, कोण होतं?
मी दुकानाची मागची खोली उघडते.
औषधांची रिकामी खोकी, छतापर्यंत.
प्रत्येकावर वरच्या दिशेचा बाण, काचेचा पेला,
जपून हाताळा, तीन भाषांत.
एकेक दाबून सपाट करते,
चिकटपट्टी फाटते तेव्हा मोठा आवाज होतो,
सफारीत मालुताईंनी तो ऐकून घेतला नसता.

जास्तीचे बूट बाहेर. थर्मास बाहेर. दुर्बीण...
दुर्बीण राहू दे.
सुतळीची दोन बंडलं, जाड मार्कर, कात्री.
कुंदा खाली होता तो वर घेतला.
खोक्यांचा गठ्ठा बॅगेच्या पाठीला बांधला,
तो दोन्ही बाजूंनी बाहेर आला, दारात अडकेल असा.

ऋत्विज पुन्हा वजन करतो, वहीतलं सगळं खोडतो.
"आत्या, पाच किलो वाढलं! आपण ट्रेकला चाललोय ना?"

हो रे, चाललोय.
तू फक्त सांग, फणसाचा उंबरा
साधारण किती लांब असतो.

मांजर मोज्यांवरून उठून
उरलेल्या एका खोक्यात शिरलंय, बाणाच्या उलट.